मे महिन्यात सडा पाहून गेलेल्यांना खुले पत्र

प्रति,
आमच्या सड्याची पाहणी करून अहवाल लिहिणारे, त्यावर सही करणारे आणि जिल्ह्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

विषय : ‘सदर जमीन पडीक व खडकाळ असून तेथे वनस्पती अथवा जलस्रोत आढळून आला नाही’ या वाक्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

विषयात दिलेलं वाक्य माझं नाही. सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, चिरेखाण (घरबांधणीचे चिरे काढायची खाण) काढण्याच्या अर्जाची जाहीर सूचना आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. त्या अर्जासोबतच्या पाहणी अहवालात हे वाक्य आहे. अहवाल मागून घेतला, तिथेच उभ्याउभ्या वाचला, घरी येऊन पुन्हा वाचला. पाहणीची तारीख मे महिन्यातली आहे. पाहणी करणाऱ्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. मे महिन्याच्या दुपारी आमच्या सड्यावर उभं राहिलं तर काळा-तांबडा कातळ, जळकं गवत आणि लांबवर हलणारी झळ एवढंच दिसतं. दगड चपलेतून भाजतो. त्या दिवसांत आम्हीसुद्धा सकाळी आठनंतर वर जात नाही.

पण आता त्या एका वाक्यावर निर्णय होणार आहे, आणि तो झाला की आमच्या विहिरीचं काय होणार हे मला दिसतं आहे. म्हणून हे पत्र. उघड अशासाठी लिहिते की अशी वाक्यं एकट्या आमच्या सड्याबद्दल लिहिली गेलेली नाहीत. राजापूरपासून देवगडपर्यंत, दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या ज्या गावांच्या डोक्यावर सडा आहे, त्यांनी आपापल्या सड्याचा अहवाल मागून वाचावा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अर्ज करणारे आमच्याच गावचे आहेत, त्यांच्या घरी आमचं येणंजाणं आहे, आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही. माझं माहेर सातारचं. लहानपणी आमच्या नळाला कासच्या तलावाचं पाणी यायचं. ते ज्या पठारावरून येतं त्याला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. १९८९ साली लग्न होऊन इथे आले. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला विहिरीचा दोर दाखवला. त्याला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. दर हनुमान जयंतीला कळशी पाण्याला टेकेपर्यंत किती गाठी आत गेल्या ते त्या मोजायच्या. त्या वर्षी चार गेल्या. पुढच्या वर्षीही चार. सासूबाई म्हणायच्या, “पाऊस किती पडला ते कोण विचारतो गो, सड्यानं किती धरला ते बघायचं.” त्या गेल्यापासून मी मोजते आणि वहीत लिहिते. आज तो दोर आठव्या गाठीवर आला आहे. मधल्या दोन वर्षी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसला आणि वाडीत टँकर आला. पावसाळ्यात ज्या गावात कपडे वाळत नाहीत, त्या गावात टँकर!

तुमच्यापैकी बरेच जण घाटावरून बदलीवर आलेले असता, म्हणून आमच्या गावाची रचना सांगते. सगळ्यात वर सडा. त्याच्या कडेखाली, उतारावर, आमची घरं आणि नारळी-पोफळीची आगरं. त्याखाली भाताचे मळे. मळ्यांच्या बांधापलीकडे खारफुटी आणि खाडी. नकाशात हे चार वेगळे रंग असतील, पण चारही जागांना पाणी एकच आहे. गाव वसवणाऱ्यांनी घरं सड्यावर बांधली नाहीत, खाली खाडीलाही भिडवली नाहीत. जिथे झरा फुटतो त्या ओळीवर बांधली. आमच्या वाडीतल्या सगळ्या जुन्या विहिरी जवळजवळ एका उंचीवर आहेत. असं का, हे अहवाल लिहिणाऱ्यांनी एकदा विचारलं असतं तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. उरलेल्या आठ महिन्यांत आम्ही पितो ते पाणी त्या चार महिन्यांत कुठेतरी साठलेलं असतं. ते सड्याच्या पोटात साठतं.

जांभा हा दगड पाण्याने आणि हवेने मिळून घडवलेला आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्यावर वर्षानुवर्षं पावसाळा आणि कोरड, पावसाळा आणि कोरड असं होत राहिलं. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि हवा लागून लोह गंजलं. सड्याचा तांबडा रंग हा तो गंज आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातला असाच दगड पाहून त्याला लॅटेराइट म्हटलं, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. जमिनीत असताना तो हत्याराने तासता येतो आणि उघड्यावर हवा खाऊन टणक होतो. आमचं घर याच चिऱ्यांचं आहे. त्यामुळे चिरा काढूच नका असं म्हणायला मला तोंड नाही, आणि तसं मी म्हणतही नाही.

या दगडाला नळ्या आणि पोकळ्या असतात. हातात घेतला तर मधाच्या पोळ्याचा तुकडा वाटावा. सड्यावर पडलेलं पाणी काही वाहून जातं, काही खळग्यांत साठतं, आणि बरंचसं भेगांतून आत उतरतं. जांभ्याच्या खाली पांढरट-पिवळी चिकणमाती आहे. तिच्यातून पाणी सहजासहजी पुढे जात नाही. मग ते आडवं सरकत सरकत सड्याच्या कडेला येतं आणि आमच्या आगरात झरा होऊन फुटतं. झऱ्यातून पाटात, पाटातून पोफळीला, तिथून पऱ्याला म्हणजे ओढ्याला, पऱ्यातून मळ्यात, मळ्यातून खाडीला. जमिनीखालून खाडीकडे सरकणारं हे गोडं पाणीच भरतीच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. झरे बारीक झाले की खारेपण जमिनीखालून वर सरकतं. आमच्या खालच्या आळीतल्या दोन विहिरींचं पाणी आता एप्रिलनंतर मचूळ लागतं. त्या विहिरींजवळ खाण नाही. ती वर आहे, शेजारच्या गावाच्या हद्दीत, आणि अशा दुसऱ्या खाणीसाठी आता आमच्या हद्दीत अर्ज आहे.

चिरेखाण म्हणजे पाणी साठवणारा दगड उचलून नेणं. खाण चिकणमातीपर्यंत गेली की तिथे उरतो एक चौकोनी खड्डा. त्यात पावसाळाभर गढूळ पाणी उभं राहतं, उन्हात आटतं, आणि जी वाट धरून पाणी सड्याच्या कडेपर्यंत यायचं ती वाट मधेच तुटते.

आता जिवांबद्दल. ‘वनस्पती आढळून आली नाही’ असं लिहिणाऱ्याने त्या दिवशी पायाखाली वाकून पाहिलं असतं तर दगडाचा काळेपणा त्याला दिसला असता. तो काळेपणा जिवंत आहे. निळ्या-हिरव्या शेवाळाचा आणि दगडफुलांचा पातळ थर उन्हात काळा पडून बसलेला असतो. पहिल्या सरीनंतर काही तासांत तो हिरवा होतो. ही शेवाळं हवेतला नायट्रोजन पकडतात. सड्यावर माती नावाला, त्यातही कस नाही. तिथे हवेतून मिळालेला हा नायट्रोजन म्हणजेच खत, आणि त्यातलं काही पावसाबरोबर खाली आमच्या मळ्यात उतरतं.

जूनच्या पहिल्या पावसापाठोपाठ भेगांमधल्या कंदांतून दीपकाडी उठते, पांढरीशुभ्र. ती फक्त कोकणच्या कातळांवर होते, जगात दुसरीकडे नाही. ऑगस्टपासून सड्यावर रंगांची रांग लागते : सीतेच्या आसवांचा जांभळा, गेंदाचा पांढरा, कवळ्याचा पिवळा. सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव खाते आणि दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांवर चिलटं धरते. जमिनीत अन्न नाही म्हणून त्यांनी ते पाण्यातून आणि हवेतून मिळवायची सोय केली आहे. आमच्या घरी गौर येते ती तेरड्याची. भाद्रपदात माहेरवाशिणी सड्याच्या कडेवरून तेरडा आणतात. डबक्याकाठी आपसूक उगवणारा देवभात आम्ही ऋषिपंचमीला खातो, कारण त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. ज्या जमिनीवर वनस्पती नाही असं तुम्ही लिहिता, त्या जमिनीवर आमचे सण उभे आहेत.

खळग्यांत बेडूक अंडी घालतात आणि पाणी आटायच्या आत त्यांच्या पिल्लांना पाय फुटावे लागतात. पाणी आठ दिवस आधी आटलं तर ती पिढी गेली. सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. शास्त्रज्ञांनी १९६३ साली तिची पहिली नोंद केली ती आमच्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून. ती रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा कातळांवरच सापडते. तिला जंगल नको, झाडं नकोत, ऊन खाणारा एक सुटा दगड पुरतो. तो दगड आपण गडग्यासाठी, म्हणजे दगडी कुंपणासाठी, उचलून नेतो. फुरसं मात्र सगळ्यांना माहीत असतं. सड्यावरच्या जिवांपैकी सरकारी कागदात आलेलं तेवढंच, तेही सर्पदंशाच्या नोंदीत.

आता तक्रारी. वरची तक्रार, पाहणीच्या महिन्याची, सगळ्यात मोठी आहे. कोकणातला सडा मेमध्ये पाहून त्यावर जीव नाही म्हणणं हे मध्यरात्री शाळेत जाऊन मुलं नाहीत म्हणण्यासारखं आहे. कंद भेगेत असतात, बी चिमूटभर मातीत असतं, बेडूक दगडाच्या आत असतात. पाहणी दोनदा झाली पाहिजे हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. आमच्या वाडीतली सातवीतली मुलगीही सांगेल.

दुसरी तक्रार शब्दाची. सातबाऱ्यावर आमचा सडा ‘पोटखराब’ आहे. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही ओसाड खडकाळ जमिनीचा एक वर्ग आहे. हा शब्द लावला तेव्हा हेतू सरळ होता : जिथे पीक नाही तिथे सारा नको. तेव्हा तो शेतकऱ्याच्या बाजूचा होता. पण जो शब्द सारा माफ करण्यासाठी लिहिला, तोच आता जमीन फुकट आहे असं समजण्यासाठी वाचला जातो. खाणीचा अर्ज असो, कारखाना असो, कचरा टाकायला जागा हवी असो, सौर पट्ट्या मांडायच्या असोत, फाइलवर बोट पडतं ते पडीक या शब्दावर. पोटखराबाच्याच वर्ग ब मध्ये ओढे, पाणवठे, रस्ते अशा सगळ्यांच्या उपयोगाच्या जागा येतात. ज्या दगडातून आमच्या वाडीचे सगळे झरे निघतात तो दगड पाणवठा नाही, आणि त्यातून निघालेला पऱ्या मात्र पाणवठा, हे कुठल्या हिशोबाने?

तिसरी तक्रार अशी की तुम्ही गट नंबर पाहता आणि पाणी गट नंबर ओळखत नाही. अर्जात खाणीच्या जागेचा गट आहे, क्षेत्र आहे, चतुःसीमा आहे, मालकांची संमती आहे. त्या जागेखालून कुठल्या वाडीला पाणी जातं, त्याचा रकाना नाही. आमचा सडा तीन महसुली गावांत वाटलेला आहे. खाण एका गावात मंजूर होते, स्वामित्वधन सरकारला मिळतं, मोबदला एका गावाच्या मालकांना मिळतो, आणि विहीर तिसऱ्या गावाची आटते. त्या तिसऱ्या गावाला कोणी सूचनासुद्धा पाठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत सांगितलं की पाच हेक्टरहून लहान असल्या तरी गौण खनिजाच्या (त्यात चिराही आला) खाणींना पर्यावरणाची मंजुरी लागेल. ती मंजुरी बहुतेक वेळा एकेका तुकड्यापुरती पाहून दिली जाते. सड्यावर असे दहा तुकडे झाले की काय होतं, याचं उत्तर कुठल्याच एका फाइलमध्ये नसतं.

खाणीची तांबडी माती पावसाबरोबर कुठे जाते तेही सांगते. आमच्या शेजारच्या काकी खाडीतल्या खडकावरची कालवं (खायचे शिंपले) काढून विकायच्या. त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचा बराचसा खर्च त्या कालवांनी केला. वरच्या खाणीनंतर दोन पावसाळ्यांत त्या खडकांवर लाल गाळाचं लिंपण बसलं. काकी आता मुंबईला मुलीकडे असतात. खाण आणि कालवं यांच्यात दोन किलोमीटर अंतर आहे. तुमच्या लेखी हे दोन वेगळे विभाग आहेत. एक खनिकर्म, दुसरा मत्स्यव्यवसाय.

पुढची तक्रार आमच्याही पदरात पडते, म्हणून ती टाळणार नाही. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कोकणात त्या योजनेने पुष्कळांच्या घरात पैसा आणला, आमच्याही आणला. मामंजींनी सड्याच्या कडेला सुरुंग लावून खड्डे फोडले, खालून माती नेऊन भरली आणि हापूसची कलमं लावली. दोराची पाचवी गाठ विहिरीत जायला लागली ती त्यानंतर. तेव्हा आम्हाला हे जोडून पाहता आलं नाही. आता येतं. कातळ फोडला की पाण्याची वाट बदलते, सुटे दगड जातात, डबकी बुजतात, गुरं वर जाणं थांबतं. आणि गंमत म्हणजे त्याच हापूसच्या मोहोराला फळ धरायला माश्या, मधमाश्या लागतात. डिसेंबरात मोहोर येतो, पण मधमाश्यांच्या पोळ्याला आधी पावसाळा काढावा लागतो, आणि तेव्हा फुलं असतात ती सड्यावर. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. ज्या भूगोलाचं ते मानांकन आहे त्यात सडाही येतो, हे त्या दिवशी कोणाच्या बोलण्यात आलं नाही. मी आमची कलमं तोडणार नाही. पण अखंड राहिलेला सडा नव्याने फोडायला अनुदान देऊ नका, एवढं मी कलमांची मालकीण म्हणूनच सांगते.

झाडं लावण्याच्या मोहिमेबद्दलही हेच. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लावली गेली. फोटो निघाले. सडा उघडा आहे तो कोणी जंगल तोडलं म्हणून नव्हे, तिथे माती बोटभर आहे म्हणून. गवत आणि फुलं हीच त्याची पूर्ण वाढ आहे. हे ज्यांना पटत नाही त्यांनी कासला जावं. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा झाली, त्यात कास आहे. ते याच जांभ्याचं, याच गवता-फुलांचं पठार आहे. माझ्या माहेरच्या सड्याला तिकीट लावून लोक रांगेत उभे राहतात आणि सासरच्या सड्याला पडीक म्हणतात. कास राखीव वन आहे आणि आमचा सडा सामायिक सातबाऱ्यावरचा, एवढाच काय तो फरक. दगड तोच, पाऊसही तसाच आहे.

सातारकडचंच आणखी एक. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे काम केलेल्या अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते आणि त्यामुळे सरडे वाढले, त्यांचं वागणंही बदललं. हवेत पाती फिरली आणि जमिनीवरचा सरडा बदलला. पवनचक्की नको असं मी म्हणत नाही, वीज मलाही लागते. पण एका जागी हात लावला की तो कुठवर पोहोचतो, हे आपल्याच पठारावर मोजून दाखवलेलं असताना आमच्या अहवालात ‘परिणाम नाही’ असं दोन शब्दांत कसं येतं?

कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावर जुन्या काळी कोरलेल्या चित्रांचं, थोडक्यात. कशेळीचा हत्ती, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ ही आपल्या जिल्ह्यातली ठिकाणं २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आनंद झाला. आता चित्राभोवती गडगा घालतात, पाटी लावतात, आणि गडग्याबाहेरचा कातळ पुन्हा पडीक. ज्यांनी तो हत्ती कोरला त्यांनी सडा वापरला, त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावरचे प्राणी ओळखले. त्यांच्या चित्राचं रक्षण आणि त्यांनी ज्याच्यावर चित्र काढलं त्याची विक्री, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात चालू आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सध्याच्या अर्जावरचा निर्णय थांबवा. १५ जून ते १५ ऑक्टोबर या काळात किमान दोनदा पाहणी करा, आणि त्या पाहणीला वनस्पती ओळखणारा एक माणूस, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा एक माणूस आणि वाडीतली दोन माणसं बरोबर घ्या. त्या दोन माणसांत एक बाई असू द्या, कारण विहिरीवर आम्ही असतो.

सड्यावरच्या कुठल्याही अर्जात खालच्या झऱ्यांचा आणि विहिरींचा रकाना घाला. कुठल्या वाड्यांचं पाणी त्या सड्यातून येतं ते आधी शोधा आणि त्या सगळ्या गावांच्या ग्रामसभांना विचारा, ज्या गावात गट नंबर आहे केवळ त्याला नव्हे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला तेव्हा निर्णय ग्रामसभेपासून सुरू व्हावा असं सांगितलं होतं. त्यानंतरच्या, पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा जुलै २०२४ चा. तो अंतिम होईपर्यंत आमच्या विहिरीला थांबता येणार नाही. ग्रामसभेला विचारायला मात्र अधिसूचना लागत नाही.

जमिनीच्या नोंदीत सड्याला स्वतःचं नाव द्या. ‘पडीक’ काढा. लागवड नसली तरी पाणी धरणारी जमीन म्हणून तिची नोंद झाली की फाइलवरचं बोट निदान एकदा थांबेल.

जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याच कायद्याखाली आंबोलीतलं हिरण्यकेशीचं उगमस्थान एका माशासाठी २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ झालं, आणि दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची जायफळाची राईही झाली. दोन्ही जागा तीन हेक्टरच्या आतल्या. मग कोकणातले निदान काही अखंड सडे, त्यांच्या झऱ्यांसकट, का होऊ नयेत? आमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर आहे. तिला काम द्या. गावातल्या जिवांची नोंदवही भरायला मी आणि वाडीतल्या बाया तयार आहोत.

आणि शेवटची मागणी पैशाची आहे. सडा बहुतेक खासगी आहे. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत. गुरं कमी झाली, गवताला भाव नाही, मग चिऱ्याचे पैसे कोणी देऊ केले तर मालकाने नाही का म्हणावं? नाही म्हणणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे. धरणाला, रस्त्याला, नळयोजनेला पैसा आहे. उन्हाळ्यात टँकरवर जो खर्च होतो त्यातला काही भाग सडा अखंड ठेवणाऱ्यांना दरवर्षी द्या, आणि झऱ्याचं पाणी मोजून द्या. हे झालं तर आमचे अर्जदारच पहिले अर्ज मागे घेतील. त्यांच्याशी बोलून मी हे लिहिते आहे.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. शाळेच्या मागून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) वर जाते, वीस मिनिटांत सड्यावर पोहोचाल. पायात घट्ट बूट असू द्या, कातळ बुळबुळीत असतो, आणि दगड उचलून पाहायचा तर काठीने. वर पाहून झालं की त्याच पाखाडीने आमच्या आगरात उतरा. सड्यात मुरलेलं पाणी झऱ्याला कुठे फुटतं ते दाखवते. दोर विहिरीवरच आहे आणि गाठींची वही घरात. मोजायला तुम्हीच घ्या.

आपली,
सड्याखालच्या वाडीतली एक गृहिणी
जिल्हा रत्नागिरी